बर्फाच्या पात्याला मारलेलं वेल्डिंग

मी कुडाळकडचा. म्हणजे कुडाळातला नव्हे, तिथून एस.टी.ने तासभर आत गेलं की आमचं गाव, पण तुम्ही पुण्याहून लिहून घ्यायला आलेल्या, तुम्हाला नाव सांगून काय कळणार. आडनाव मेस्त्री, म्हणजे घरात पिढ्यान्पिढ्या सुतारकाम, पण माझा हात काही लाकडाला लागला नाही, मला लोखंड आवडायचं. दहावीला गणितात उडालो नि हायवेला एक गॅरेज होतं तिथे लागलो, ट्रकचे पाटे बदलायचं काम, पाटे म्हणजे चाकावर लोखंडी पट्ट्यांच्या कमानी असतात ना त्या. तिथे वेल्डिंग शिकलो. आणि काय सांगू तुम्हाला ताई, चांगला शिकलो. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण पुढचं सगळं ऐकलंत की फुशारकी मारायला मला तोंड राहणार नाही, तेव्हा आत्ताच मारून घेतो. मी मारलेला जोड कधी सुटला नाही. लोक म्हणायचे मेस्त्रीला हातगुण आहे. हा हातगुण म्हणजे फार वाईट, एकदा तो शब्द माणसाला चिकटला की तो स्वतःला डॉक्टर समजायला लागतो.

मला ओमानला आणलं ते बबनदादाने. बबन परब, आमच्याच गावचा, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, इथे आधीपासून ड्रायव्हर होता. गणपतीला गावी आला होता तेव्हा त्याच्या स्कूटरचा स्टँड मी जोडून दिला, तर म्हणाला, मेस्त्री, तू हंय काय करतंस, चल माझ्यावांगडा. मला वाटलं बोलायला काय जातंय, पण त्याने खरंच अर्बाबला सांगून व्हिसा काढला. अर्बाब म्हणजे आमचा मालक, ओमानी. मस्कतला विमानतळावर घ्यायला बबनदादाच आला होता, आणि गाडीत बसल्याबरोबर मला हिंदीत काय बोलायचं, अरबीत काय बोलायचं, कुठे गप्प बसायचं ते सगळं त्याने सांगितलं. पहिलं वर्षभर जेवण त्याच्याच हातचं. तो मासळीची आमटी करायचा, इथला मासा आपल्या वाटपात, आणि मला म्हणायचा तू भांडी घास, स्वयंपाकाला तुझा हातगुण नको.

तर अर्बाबचं काम काय, तर मस्कतजवळच्या सीबच्या पुढे समुद्राच्या अंगाला त्याच्या तीन-चार बागा आहेत. खजुराची झाडं, मध्ये बंगली, पोहायचा हौद. गुरुवारी संध्याकाळपासून फॅमिल्या येतात, दोन दिवस राहतात, जातात. आम्ही म्हणजे माळी, ड्रायव्हर, प्लंबर नि मी. सगळं चांगलं, त्रास एकच, वाळू. वारा सुटला की आत यायचा रस्ता दिसेनासा होतो, गेटापासून बंगलीपर्यंत गुडघाभर वाळू, आणि गुरुवारी पाहुणे येणार. आधी फावड्याने काढायचे. मग अर्बाब एकदा कुठल्या तरी लिलावातून एक छोटा ट्रॅक्टर घेऊन आला. बागेत गवत कापायला वापरतात तसला, लाल, बसायला एकाच माणसाला जागा, आणि त्याच्या पुढे लोखंडाचं रुंद पातं. अमेरिकेकडे की कुठे त्याने घरापुढचा बर्फ लोटतात म्हणे. पात्यावर बर्फाच्या चांदणीचं चित्रसुद्धा होतं. आम्ही सगळे हसलो. पंचेचाळीस डिग्रीत बर्फाचं यंत्र. पण अर्बाब म्हणाला बर्फ लोटतं तर वाळू पण लोटेल, यल्ला, बबन, बस.

आणि लोटलं हो त्याने. पण एक आहे, बर्फाचं यंत्र वाळूत घातलं की ते झिजतं. वाळू म्हणजे कानस. पात्याच्या खालच्या धारेला एक वेगळी पट्टी बोल्टांनी बसवलेली असते, झिजायची ती पट्टी झिजावी नि मूळ पातं वाचावं म्हणून. ती बर्फात म्हणे कित्येक वर्षं पुरते. आमची एका मोसमात कागदासारखी झाली. आता सुटे भाग इथे कोणाकडे मिळणार, ओमानात बर्फ लोटतो कोण. मग मी काय केलं, भंगारातून पिकअपचा जुना पाटा आणला, सरळ केला, भोकं पाडली नि लावला पट्टी म्हणून. मूळच्या पट्टीपेक्षा दुप्पट टिकला. पात्याच्या दोन टोकांना खाली बूट असतात, पातं जमिनीत रुतू नये म्हणून, तेही झिजले, ते मी जाड पत्र्याचे केले. पातं ज्या पिनेवर फिरतं ती पिन ढिली झाली, तिचा बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी, मी लेथवाल्याकडून करून घेतला. अर्बाब सगळ्यांना सांगत सुटला, माझा मिस्त्री बर्फाच्या मशीनला वाळू खायला शिकवतो. दुसऱ्या बागांचे मालक येऊन बघून जायचे. मी तेव्हा असा चालायचो की रस्ता माझ्याच नावावर आहे.

आता वेल्डिंगचं सांगतो. ते पातं पाठीमागे दोन जाड स्प्रिंगांवर धरलेलं होतं. वाळूचा ढीग पुढे जमला, जरा भार आला, की पातं पुढे लवायचं, ढिगावरून घसरून जायचं नि पलीकडे परत उभं राहायचं. म्हणजे वाळू तिथेच. बबनदादा परत मागे यायचा, परत लोटायचा, परत ते लवायचं. त्यात एक स्प्रिंग तुटली नि दुसरी ताणून ताणून दोरीसारखी झाली, मग तर पातं उभंच राहीना. बबनदादा वैतागला, म्हणाला, मेस्त्री, हेचो काय तरी बंदोबस्त कर, माका कंटाळो इलो. अर्बाबने परदेशातून स्प्रिंगा मागवल्या, पण त्यांना यायला दोन महिने, आणि गुरुवार तर दर आठवड्याला येतो.

मी विचार केला. आता आमचा विचार कसा, तर बर्फ आम्ही कधी बघितलेला नाही. माझ्या मते बर्फ म्हणजे फ्रिजच्या वरच्या खणात धरतो तो भुसभुशीत, कापसासारखा. मी म्हटलं, त्या लोकांचं काम मऊ, म्हणून त्यांनी मऊ स्प्रिंगा लावल्या. आपलं काम कडक, आपल्याला कडक पाहिजे. बबनदादाला पण पटलं. आम्ही दोघे असे शहाणे. मी दोन जाड पट्ट्या घेतल्या, पातं सरळ उभं केलं नि मागच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी वेल्डिंग मारून टाकलं. खलास. आता हलणार नाही म्हटलं. बबनदादाने एक फेरी मारली नि गेटापासून बंगलीपर्यंतची सगळी वाळू एका दमात बाजूला. त्याने तिथूनच हात वर केला. त्या रात्री मी भांडी घासली नाहीत, तो म्हणाला आज रवांदे, म्हणजे राहू दे.

दीड महिना सुरेख चाललं. मग स्प्रिंगांचा खोका आला. आणि आता जे सांगतो ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. खोक्यात एक कागद होता, घडीचा. इंग्लिश मला वाचता येत नाही एवढं, पण चित्रं होती. एका चित्रात पातं सरळ उभं, आणि बर्फाखाली लपलेला एक दगड. दुसऱ्या चित्रात पातं दगडावर आपटलंय नि पुढे लवलंय, ट्रॅक्टर तसाच पुढे गेलाय, वर बसलेला माणूस धड. एवढंच. शाळेतलं पोर पण समजेल. मी तो कागद हातात धरून उभा होतो नि मला कळलं स्प्रिंगा कशाला असतात. मऊपणासाठी नाही, न दिसणाऱ्या वस्तूसाठी. आणि वाळूखाली पण न दिसणाऱ्या वस्तू असतात, मला काय माहीत नव्हतं, रस्त्याच्या कडेचे दगड, पाण्याच्या व्हॉल्व्हची लोखंडी झाकणं, सगळी मीच दुरुस्त केलेली.

त्याच दिवशी वेल्डिंग कापून स्प्रिंगा लावायच्या होत्या. अर्ध्या दिवसाचं काम. पण मग बबनदादाला सांगायला पाहिजे होतं की माझं चुकलं, अर्बाबला सांगायला पाहिजे होतं, त्या शेजारच्या मालकांना पण, त्यातल्या एकाने तर आमचं बघून तसलंच यंत्र आणलं होतं नि त्याला पण असंच वेल्डिंग मारायचं ठरवलं होतं. मला तोंड उघडवेना. मी म्हटलं पुढच्या आठवड्यात करू. खोका फळीवर ठेवला. अर्बाबला वाटलं, स्प्रिंगा आल्या म्हणजे बसवल्या. असे तीन आठवडे गेले, ताई.

मग जूनच्या सुरवातीला दोन दिवस वारा सुटला. तिसऱ्या दिवशी सकाळी बबनदादा ट्रॅक्टरवर बसला. तो कधी जोरात चालवायचा नाही, आम्ही त्याला बैलगाडी म्हणायचो, चल रे बैलगाडी, असं चिडवायचो नि तो हसायचा. त्या दिवशीसुद्धा तो त्याच्याच चालीने चालला होता. रस्त्याचं वळण वाळूने बुजलेलं, त्याला कड दिसली नाही, नि पातं सिमेंटच्या कडेवर बसलं. मी वर्कशॉपच्या दारात होतो. आवाज झाला नि ट्रॅक्टर जागच्या जागी उभा, जसा खुंट्याला बांधलेला. पण माणसाला कोण बांधणार. तो पुढे फेकला गेला, छाती स्टिअरिंगवर नि उजवा हात स्टिअरिंगच्या आत, दांड्यांच्या मध्ये, आणि स्टिअरिंग गरकन फिरलं. मी धावलो. त्याने ओरडासुद्धा केला नाही, माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, हात बघ रे माझो. मी बघितला. मनगट जिथे वळायला नको तिथे वळलेलं होतं.

त्याला हॉस्पिटलात नेलं. अर्बाब स्वतः गेला बरोबर. आणि अपघाताची चौकशी करायला सेफ्टीचा माणूस उद्या येणार असं कळलं. आता उन्हाळ्यात इथे दुपारी बाहेरचं काम बंद असतं, सगळे खोलीवर जाऊन झोपतात. मी झोपलो नाही. मी ट्रॅक्टर आत घेऊन वर्कशॉपचं दार लावून घेतलं, ग्राइंडर घेतला नि ते वेल्डिंग कापलं. माझं वेल्डिंग होतं, लवकर कापलं जाईना. जिथे जोड होता तिथे घासून गुळगुळीत केलं, वर काळा रंग मारला. मग फळीवरचा खोका काढला नि नव्या स्प्रिंगा लावल्या. पण त्या चकाकत होत्या, कोणीही म्हटलं असतं ह्या आजच्या. म्हणून मी जुनं ऑइल घेतलं, त्यात वाळू नि माती कालवली आणि हाताने त्या स्प्रिंगांना चोळली. एकेका वेढ्यात बोट घालून चोळली. तुम्ही विचार करा, तिकडे त्या माणसाच्या हाताचं ऑपरेशन चाललंय नि इकडे मी स्प्रिंगांना माती लावतोय. तो कागद मी फाडून संडासात टाकला.

दुसऱ्या दिवशी सेफ्टीवाला आला, वही घेऊन, फोटो काढले. पात्याला त्याने बुटाने ढकललं, पातं लवलं नि परत उभं राहिलं. म्हणाला मशीन तो ठीक है. मग मला विचारलं, ड्रायव्हर कैसा चलाता था. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. नाही माहीत म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या तोंडातून आलं, थोडा जोर से चलाते थे. बैलगाडी म्हणायचो ज्याला, त्याच्याबद्दल. त्याने लिहून घेतलं. हे शब्द मी किती वेळा परत गिळायचा प्रयत्न केलाय, पण लिहिलेलं कसं गिळणार.

आता तुम्ही विचाराल, बबनदादाला तर सगळं माहीत होतं, वेल्डिंग त्याच्यासमोरच मारलं होतं, तो का बोलला नाही. तीच तर मला भीती होती. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही, म्हटलं आता बोलेल, आता बोलेल. सेफ्टीवाला त्याच्याकडे हॉस्पिटलात गेला, सगळा रिपोर्ट त्याला हिंदीत वाचून दाखवला, सही घेतली. डाव्या हाताने सही केली त्याने. आणि बोलला नाही.

पुढच्या शुक्रवारी तो खोलीवर आला, हात प्लास्टरमध्ये. आमच्यात रीत आहे, तुम्हाला माहीत असेल, काही संकट आलं की देवाला गाऱ्हाणं घालायचं. गावात त्याचा मान ठरलेल्या घराकडे असतो, आमच्या घराकडे तो कधीच नव्हता, पण इथे परमुलखात ज्याचा आवाज मोठा तो मानकरी, म्हणून इथे गाऱ्हाणं नेहमी मीच घालायचो. आठ-नऊ जण जमले, सगळे आपल्याकडचे, गणपतीच्या फोटोपुढे नारळ ठेवला, म्हणाले, मेस्त्री, घाल. मी नाही कसं म्हणणार, कारण काय सांगणार. उभा राहिलो, हात जोडले नि सुरू केलं, बा देवा म्हाराजा, सगळे म्हणाले व्हय म्हाराजा. आज ही तुझी लेकरां हंय परमुलखात एकठंय जमली हत, व्हय म्हाराजा. ह्या तुझा लेकरू बबन, तेका जा काय दुखणा इला हा ता बरा कर, व्हय म्हाराजा. आणि गाऱ्हाण्यात पुढची ओळ येतेच, ती टाळता येत नाही, कोणाच्या हातसून कळत नकळत काय चूक घडली असात तर ती पोटात घाल. ती मी दोनदा अडखळून म्हटली. सगळ्यांना वाटलं बबनदादाच्या मायेने अडखळला. पहिल्यांदा बबनदादाच म्हणाला, एकटाच, मोठ्याने, व्हय म्हाराजा. मग बाकीचे म्हणाले. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही, नारळाकडे बघत राहिलो. नारळ फोडायला त्यांनी मलाच दिला.

त्याची तीन बोटं वळेनात. स्टिअरिंग धरता येईना, मग ड्रायव्हरला कोण ठेवणार. अर्बाबने वाईट वागवलं नाही, पण कागदावर चूक ड्रायव्हरची, जोरात चालवत होता असं, आणि त्याला गावी जावं लागलं. विमानतळावर मीच सोडायला गेलो. त्याने मला मिठी मारली एका हाताने नि म्हणाला, पट्टी बदलीत जा येळेवर, आता नवो ड्रायव्हर रेटतलो तिका. सहा महिन्यांनी मला फोरमन केलं. मी ते घेतलं पण. नको म्हणायचं तर कारण सांगायला लागलं असतं, आणि कारणं सांगायची मला सवयच राहिली नव्हती.

गेल्या वर्षी सुट्टीवर गेलो तेव्हा ठरवून गेलो की पाय धरायचे. तीन दिवस उद्या उद्या करत चौथ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, या या, किती बारीक झालात. बबनदादा ओट्यावर होता, डाव्या हाताने सुपारी कातरत होता, अडकित्ता उजव्या हाताच्या तळव्याखाली दाबून. त्याची मुलगी चहा घेऊन आली, कुडाळला कॉलेजात जाते, हुशार, सुट्टीत बापाच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सगळे कागद लावत बसली होती. तिच्या हातात तो रिपोर्ट होता, ओमानचा. तिने सहज विचारलं, काका, तुम्ही तिथेच होतात ना, ह्यात लिहिलंय की मेकॅनिक म्हणाला बाबा जोरात चालवायचे. बाबा आणि जोरात? हा मेकॅनिक कोण होता?

कागदावर नाव नव्हतं, ताई. नुसतं मेकॅनिक. मी तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं होतं, पण माझ्या आधी बबनदादा बोलला. सुपारीवरची नजर न काढता म्हणाला, होतो कोण तरी. सोडून गेलो तो.

म्हणजे ते माझं वाक्य त्याला पहिल्यापासून माहीत होतं. हॉस्पिटलात त्याला वाचून दाखवलं तेव्हाच कळलं होतं. गाऱ्हाण्याच्या दिवशी तो ते माहीत असून माझ्या गाऱ्हाण्याला व्हय म्हाराजा म्हणाला होता. आणि आता स्वतःच्या पोरीपुढे माझ्यासाठी खोटं बोलला. मी काय केलं माहीत आहे? मी म्हटलं, हो, सोडून गेला. बोललो मी हे. चहा तसाच ठेवून उठलो, काही तरी काम निघालं म्हणून सांगितलं. तो मला गेटापर्यंत सोडायला आला नि पोरीचं लग्न, पावसाचं, कसलं कसलं बोलला, ह्याच्याबद्दल एक अक्षर नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

परत आलो इथे, पण मला काम सुचेना. मी पट्टी बदलायला खाली वाकलो की त्या स्प्रिंगा डोळ्यापुढे. शेवटी एका शुक्रवारी मी त्या मुलीलाच फोन केला. म्हटलं, बाळ, तो मेकॅनिक मी. वेल्डिंग, माती, ते वाक्य, एवढं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला त्या दिवशीच वाटलं होतं, तुम्ही चहा प्यायला नाहीत. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, मला सांगून काय होणार काका, कागद तिथे आहे, तिथे सांगा. एवढंसं पोर, पण बरोबर बोललं.

मग मी अर्बाबकडे गेलो. त्याने बसवलं, कावा दिला, म्हणजे इथली कोरी कॉफी, खजूर पुढे केला. मी म्हटलं आधी ऐका. आमचं बोलणं ते तोडकंमोडकं, अर्धं हिंदी, अर्धं अरबी, पण त्याला सगळं कळलं. तो उठला, मला म्हणाला चल, वर्कशॉपात आला, पात्याला स्वतःच्या चपलेने ढकललं, लवलं, उभं राहिलं. वाकून त्या स्प्रिंगांकडे बघितलं. म्हणाला, नया था, तुम मिट्टी लगाया? मी म्हटलं हो. हाथ से? हो. त्याने स्प्रिंगेच्या एका वेढ्यात स्वतःचं बोट घालून बघितलं. मग म्हणाला, वेल्डिंग गलती. मिट्टी गलती नहीं. एवढ्या वर्षांत त्याने मला कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी पण चढवला नाही, पण मला तिथे उभं राहवेना.

त्याने दुसरा कागद करून दिला, सही-शिक्क्याचा, की ड्रायव्हरची चूक नव्हती, यंत्रात फेरफार केला होता, मेकॅनिकने खोटं सांगितलं. ह्या वेळी मी सांगितलं नाव घाला. आणि माझा व्हिसा पुढे वाढवणार नाही म्हणाला. बरोबर केलं त्याने. माझ्यासारख्याच्या हातचं यंत्र तो दुसऱ्या माणसाखाली कसं देणार.

तो कागद मी गावच्या एकाबरोबर पाठवला. मला वाटलं आता बबनदादा म्हणेल, जाऊ दे रे मेस्त्री. तर त्याचा फोन आला. मी असा चिडलेला त्याला आयुष्यात ऐकला नव्हता. म्हणाला, माका इचारलंस तू? एकदा तरी इचारलंस? माझ्या चेडवान माका इचारल्यान, बाबा, तुम्ही माझ्याकडे खोटा कित्याक बोललात. काय सांगा मी तिका? तो म्हणाला, मेस्त्री, तुझी लाज तू हलकी केलंस, माझी वाढवलंस. आणि ठेवला फोन.

मी कित्येक दिवस ह्याच्यावर विचार करतोय. मला वाटत होतं खरं बोललं की सगळं सरळ होतं. त्याने माझ्यासाठी जे पोटात घातलं होतं ते मी त्याला न विचारता त्याच्याच घरात नेऊन ओतलं. म्हणजे वेल्डिंग पण मी मारायचं, कापायचं पण मीच, आणि प्रत्येक वेळी हात त्याचाच जायचा. ती मुलगी बापाशी बोलते का नीट, मला माहीत नाही. विचारायला तोंड नाही.

आणि त्या खोक्यातल्या चित्राचं मी अर्बाबला पण सांगितलं नाही, त्या मुलीला पण नाही नि बबनदादाला पण नाही. ते अजून हेच समजतात की मेस्त्रीला कळत नव्हतं, अडाणी होता, त्याने मारलं वेल्डिंग. कळत होतं. तीन आठवडे कळत होतं. हे तुम्ही लिहा, गाळू नका. छापून आलं की त्याची मुलगी त्याला वाचून दाखवील, आणि मग त्याला काय वाटायचं ते वाटू दे. ह्या वेळी पण मी त्याला विचारलेलं नाही, मला कळतंय ते. पण हे मी तोंडाने त्याला सांगू शकणार नाही, मी स्वतःला ओळखतो आता.

पुढच्या महिन्यात जातो मी, कायमचा. इथल्या नव्या मेकॅनिकला सगळं दाखवून ठेवलंय, पट्टी कशी काढायची, बूट कधी बदलायचे, आणि स्प्रिंगांना हात लावायचा नाही हे पण सांगितलंय, कशाला ते पण सांगितलंय. गावी गेल्यावर काय करीन, बघू. एक छोटं गॅरेज टाकावं असं बायको म्हणते. पण आमच्या वाडीत जायला रस्ता एकच आहे, ताई, बबनदादाच्या ओट्यासमोरून. दुसरा नाहीच, मागे नदी आहे. सकाळी जाताना तो बसलेला असणार नि संध्याकाळी येताना पण बसलेला असणार. तो बोलावील असं मला वाटत नाही. मी मान खाली घालून जाईन, पण त्याच रस्त्याने जाईन, रोज. तुमचं बरं होऊ दे, तुम्ही एवढ्या लांबून येऊन माझं ऐकलंत.